गर्दीची वेळ, हाताला चटके, काळं पडलेलं तेल आणि उरलेला भात

प्रश्न थोडक्यात असा : रेस्टॉरंटच्या स्वयंपाकघरात कामाला लागून तीन महिने झाले. एरवी काम जमतं, पण गर्दी झाली की ऑर्डरी मागे पडतात आणि एकाच टेबलाच्या डिश वेगवेगळ्या वेळी तयार होतात. तळणीचं तेल दोन दिवसांत काळं होतं. हाताला सारखे चटके बसतात. उरलेलं अन्न कसं आणि किती थंड करायचं यावर प्रत्येक जण वेगळं सांगतो. शिफ्ट संपेपर्यंत पाय आणि कंबर धरते. काय करावं?

आधी गर्दीचं बघू, कारण बाकीच्या निम्म्या तक्रारी तिच्यातूनच निघतात. गर्दीत मागे पडणारा माणूस बहुतेक वेळा हातानं सावकाश नसतो, तो फेऱ्या फार मारत असतो. एक दिवस कागद चिकटवून ठेवा आणि आपली जागा सोडून काही आणायला गेलात की एक रेघ मारा. शेजारी काय आणलं तेही एका शब्दात लिहा. एका फेरीला चाळीस सेकंद धरले तरी तीस फेऱ्यांत वीस मिनिटं जातात, तीही सगळ्यात महाग वीस मिनिटं. त्या कागदावर जे दोनदा आलंय ते उद्यापासून गर्दीआधी तुमच्या जागेवर हवं.

मांडणी ठरवताना एकच कसोटी लावा : प्रत्येक ताटलीला लागणारी वस्तू पाय न हलवता हाताला लागली पाहिजे. मीठ, तेल, चमचे, चिमटा, कोरडं फडकं हे सगळं ज्या हातानं वापरता त्या बाजूला. दर तिसऱ्या-चौथ्या ऑर्डरीला लागणारं एका पावलावर. बाकीचं खालच्या फ्रिजमध्ये. या वस्तूंची जागा रोज तीच ठेवा, म्हणजे डोळे तव्यावर असताना हात आपोआप तिकडे जातो. चिरलेला, शिजवलेला जो माल सतत लागतो त्याचा त्याच मापाचा दुसरा डबा भरून, झाकून, खाली थंडाव्यात ठेवा. वरचा संपला की डबाच बदलायचा. अर्ध्या रिकाम्या डब्यात नवा माल ओतू नका. तळाशी जुना राहतो, तो रोज तसाच मागे पडत जातो आणि एक दिवस वास आल्यावरच कळतं.

किती तयारी करायची हे अंदाजानं ठरवू नका. दोन-तीन आठवडे वारानुसार खप लिहा. सोमवारचा आकडा शनिवारी उपयोगाचा नसतो. त्या वाराच्या सरासरीवर वीसेक टक्के वाढवून तयारी धरा, कारण नुसती सरासरी धरली तर साधारण निम्म्या दिवशी माल कमी पडणारच. आणि एखादा पदार्थ संपत आला की शेवटचे पाच उरलेले असतानाच बाहेर वाढणाऱ्यांना सांगा. संपल्यावर सांगितलं, तर तोवर त्यांनी आणखी तिघांची ऑर्डर घेतलेली असते आणि ओशाळं त्यांना व्हावं लागतं.

एका टेबलाच्या डिश एकत्र येत नाहीत याचं कारण सगळं एकदम चढवलं जातं हे आहे. हिशेब उलटा करायचा. समजा एकाला चौदा मिनिटं लागतात, दुसऱ्याला आठ, तिसऱ्याला तीन. पहिली आत्ता चढवा, दुसरी सहाव्या मिनिटाला, तिसरी अकराव्या. तिन्ही चौदाव्या मिनिटाला उतरतात. यासाठी प्रत्येक पदार्थाचा खरा वेळ माहीत हवा, म्हणून फावल्या वेळात घड्याळ लावून मोजून घ्या. मनातला आकडा नेहमी कमी असतो. ऑर्डर वाचून दाखवली की पदार्थ आणि नग दोन्ही मोठ्यानं परत म्हणा. नुसतं 'हो' म्हणणं धोक्याचं, कारण ऐकलं की नाही ते समोरच्याला कळत नाही.

सारखे पदार्थ एकत्र करण्यात वेळ वाचतो, पण त्यात एक खड्डा आहे. वीस मिनिटं थांबलेल्या टेबलाचा तवा आत्ता आलेल्या ऑर्डरीसोबत भरला जातो आणि जुन्या टेबलाची बाकीची डिश तोवर बाहेर द्यायच्या खिडकीत थंड होते. तीन-चार मिनिटांच्या अंतरानं आलेल्याच ऑर्डरी एकत्र करा. त्यापेक्षा जास्त अंतर असेल तर नाही.

एवढं करूनही बुडायला लागलात तर थांबा. अर्धा मिनिट. बोर्ड पुसा, पसारा बाजूला सारा, चिठ्ठ्या वेळेनुसार लावा, आणि मदत मागा ती नेमकी मागा : 'सात नंबरचं सूप तू काढ.' 'कोणीतरी मदत करा' म्हटल्यावर कोणीही येत नाही. गर्दीत थांबायचं हे जिवावर येतं खरं, पण पसाऱ्यात काम करत राहिलं तर पुढच्या चुका त्या अर्ध्या मिनिटाच्या दसपट वेळ खातात.

बाहेर वाढणाऱ्यांसाठी दोन गोष्टी. प्रत्येक टेबलाला एक ठरलेली बाजू पकडा, म्हणजे दाराकडची खुर्ची एक नंबर, आणि तिथून घड्याळाच्या दिशेनं पुढे. ऑर्डर खुर्चीच्या नंबरानं लिहिली की ताटली आणून 'हे कोणाचं?' विचारावं लागत नाही, आणि दुसराही ती बरोबर वाढू शकतो. दुसरं, 'पाचच मिनिटं' हे शब्द तोंडातून काढूच नका. आत विचारा, बारा सांगितली तर बाहेर पंधरा सांगा. पंधरा सांगून तेराव्या मिनिटाला आलेलं जेवण वेळेआधी आलेलं असतं, पाच सांगून आठव्याला आलेलं उशिरा. तक्रार आलीच तर कारण सांगायच्या आधी काय करणार ते सांगा. आत काय बिघडलं यात पाहुण्याला रस नसतो.

अ‍ॅलर्जीचा प्रश्न मात्र सौजन्याचा नाही, जिवाचा आहे. पाहुण्यानं विचारलं आणि तुम्हाला नक्की माहीत नसेल तर उत्तर एकच : 'विचारून सांगतो.' 'बहुतेक नसावं' हे उत्तर नाही. वरून टाकलेले शेंगदाण्याचे तुकडे काढून तीच ताटली परत देणं चालत नाही, अत्यल्प अंशही काहींना पुरतो. तळल्यानं अ‍ॅलर्जीचा घटक नाहीसा होत नाही, त्यामुळे ज्या तेलात तो तळला गेला त्या तेलातलं बाकी सगळंही त्या माणसाला वर्ज्य. हात धुऊन, स्वच्छ बोर्ड, स्वच्छ तवा, नवी पळी घेऊन वेगळं करा आणि ती ताटली इतरांसोबत ट्रेवर न ठेवता एकटी न्या. श्वास अडकणं, ओठ किंवा जीभ सुजणं, भोवळ येणं दिसलं तर तातडीनं रुग्णवाहिका बोलवा. त्या व्यक्तीकडे अ‍ॅड्रेनालीनचं इंजेक्शन असेल तर ते घ्यायला मदत करा. तिला उभं करू नका, चालवू नका. दम लागत असेल तर बसू द्या.

आता उरलेल्या अन्नाचं. यावर दहा मतं ऐकू येतात, पण आकडे ठरलेले आहेत. जंतू झपाट्यानं वाढतात ते साधारण ५ ते ६० अंश सेल्सिअसच्या पट्ट्यात. म्हणून गरम ठेवायचं ते ६० च्या वर, थंड ठेवायचं ते ५ च्या खाली. गरमाचं थंड करताना हा पट्टा ओलांडावाच लागतो, आणि तो किती वेळात ओलांडता यावर सगळं आहे. बऱ्याच ठिकाणी मानला जाणारा नियम असा की ६० अंशांवरून २१ वर दोन तासांत यायला हवं, आणि तिथून ५ वर पुढच्या चार तासांत. पहिले दोन तास कडक आहेत, कारण जंतूंना सगळ्यात मानवतं ते तापमान त्याच टप्प्यात येतं.

'शिजवलं म्हणजे जंतू मेले' हे अर्धंच खरं. काही जंतू बीजाणूंच्या, म्हणजे टणक कवचातल्या निद्रिस्त रूपात उकळीतूनही वाचतात आणि अन्न कोमट झालं की पुन्हा जागे होतात. भातातला बॅसिलस सीरियस हा त्यातलाच. तो कोमट भातात जे विष तयार करतो त्यातलं उलट्या करवणारं विष पुन्हा गरम केल्यानं जात नाही. म्हणून तासन्‌तास बाहेर राहिलेला भात कितीही कडकडीत तापवला तरी सुरक्षित होत नाही. तो टाकायचाच.

चूक कुठे होते? वीस लिटरचं पातेलं झाकण लावून तसंच फ्रिजमध्ये ढकललं जातं. कडेचं थंड होतं, मध्यभाग दुसऱ्या दिवशी सकाळीही कोमट सापडू शकतो, आणि वर त्या उष्णतेनं फ्रिजमधला बाकीचा मालही तापतो. दाट पदार्थ उथळ ट्रेमध्ये काढा, थर ५ सेंटिमीटरपेक्षा जाड नको. भात तर त्याहून पातळ पसरावा, दोन-तीन सेंटिमीटर. पातळ पदार्थाचं भांडं बर्फाच्या पाण्यात ठेवून ढवळत राहा. भांड्याबाहेरच्या पाण्याची पातळी आतल्या पदार्थाएवढी हवी, नाहीतर वरचा भाग गरमच राहतो. सूप करताना पाणी मुद्दाम कमी घालून दाट शिजवलं आणि उरलेल्या पाण्याऐवजी शेवटी पिण्याच्या पाण्याचा स्वच्छ बर्फ घातला तर निम्मं काम तिथंच होतं. फ्रिजमध्ये पूर्ण गार होईपर्यंत झाकण किंचित उघडं ठेवा आणि वरून काही ठिबकणार नाही अशा जागी, वरच्या फळीवर ठेवा. कच्चं मांस सगळ्यात खाली, कच्च्या कोंबडीच्या खाली दुसरं काहीही नको.

डब्यावर पदार्थाचं नाव, तारीख, वेळ आणि ठेवणाऱ्याचं नाव. नाव नसेल तर विचारायचं कोणाला? पुन्हा गरम करताना मध्यभाग ७४ अंशांवर न्या, दोन तासांच्या आत, आणि ते शेगडीवर करा. गरम ठेवायच्या यंत्रात अन्न गरम होत नाही, ते फक्त असलेली उष्णता टिकवतं. एकदा पुन्हा तापवलेलं उरलं तर परत फ्रिजमध्ये जाणार नाही.

हे सगळं थर्मामीटरशिवाय बोलून उपयोग नाही. आठवड्यातून एकदा तो तपासा : पेल्यात चुरलेला बर्फ भरा, वरपर्यंत जेमतेम येईल एवढंच पाणी घाला, कांडी मध्यभागी धरा. बुडाला किंवा कडेला टेकवू नका. अर्ध्या मिनिटात शून्य दाखवायला हवं. मांसाचं तापमान घेताना सगळ्यात जाड भागात खुपसा, हाडाला टेकलं तर आकडा चुकतो. कोंबडीच्या मध्यभागी ७४ आलं म्हणजे झाली. रंगावर जाऊ नका, पूर्ण शिजलेली कोंबडीही हाडाजवळ गुलाबी दिसू शकते. आणि हो, कच्च्यात घातलेली कांडी पुसून, जंतुनाशकानं साफ केल्याखेरीज शिजलेल्यात घालू नका.

तेल दोन दिवसांत काळं होतं याचं खापर बहुतेक ठिकाणी तेलाच्या दर्जावर फोडलं जातं. खरे शत्रू पाच : जास्त उष्णता, हवा, पाणी, मीठ आणि जळके कण. तळणीला १७० ते १८० अंश पुरतात. १९० च्या पुढे तेल भराभर मोडतं आणि पदार्थ काही लवकर होत नाही, बाहेरून करपतो आणि आतून कच्चा राहतो. फ्रायरची खुंटी बघून विसंबू नका, थर्मामीटरनं खातरजमा करा. तळण नसेल तेव्हा आच १२०-१३० वर आणा आणि झाकण ठेवा. मीठ कधीही फ्रायरवर धरून भुरभुरवू नका, बाजूच्या ट्रेमध्ये काढून मग घाला. ओला माल निथळून कोरडा करा, गोठलेल्या मालाचा सुटा बर्फ झटकून टाका. पितळी किंवा तांब्याची झारी तेलात नको, ते धातू तेल खराब व्हायचा वेग वाढवतात.

जाळी अर्ध्याहून जास्त भरू नका. भरलीत तर तापमान धाडकन पडतं, माल तेल पितो, मग लोक आच वाढवतात, आणि जाळी निघाल्यावर रिकामं तेल भडक तापतं. तेलकट माल आणि काळं तेल अशी एकाच चुकीची दोन फळं. तळताना वर तरंगणारे कण सतत काढा आणि दिवसातून निदान एकदा गाळा. हातानं गाळत असाल तर ६० अंशांच्या खाली उतरल्यावरच. फ्रायर सोड्यानं किंवा साबणानं धुतला तर स्वच्छ पाण्यानं दोनदा खळबळा, त्यातल्या पहिल्या पाण्यात थोडा व्हिनेगर घाला, आणि तेल ओतायच्या आधी ठणठणीत कोरडा करा. साबणाचा अंश राहिला की नवं कोरं तेलही पहिल्या तासात फेसाळतं, आणि याचं कारण फार थोड्यांच्या ध्यानात येतं.

टाकायचं कधी? नुसता रंग फसवतो. माल नसतानाही बारीक फेस टिकून राहतो, १८० च्या आतच धूर निघतो, भांड्याच्या कडेला चिकट तपकिरी थर जमतो, ऑइल पेंटसारखा किंवा खवट वास येतो. यातलं काहीही दिसलं की बदला. पोलर घटक, म्हणजे तेल मोडून तयार होणारे पदार्थ, मोजायचं उपकरण किंवा पट्टी असेल तर अनेक देशांत २५ टक्के ही मर्यादा धरतात. जुनं तेल मोरीत ओतू नका, थंड झालं की ते नळीत थिजतं.

तेलानं पेट घेतला तर पाणी अजिबात नाही. पाणी तेलाखाली जातं, क्षणात वाफ होऊन सुमारे सतराशे पट फुगतं आणि पेटतं तेल छतापर्यंत उडवतं. आच बंद, जमलं तर झाकण सरकवून घाला, भांडं हलवू नका. स्वयंपाकाच्या तेलाच्या आगीसाठीचा ओल्या रसायनाचा अग्निशामक वेगळा असतो. तो कुठे टांगलाय आणि पिन कशी निघते ते आजच बघून ठेवा. आग हाताबाहेर जातेय असं वाटलं तर सगळ्यांना बाहेर काढा.

चटक्यांचं मुख्य कारण ओलं फडकं. कोरड्या फडक्यातली हवा उष्णता अडवते. ओल्यातलं पाणी ती सरळ हाताला पोचवतं आणि वर वाफही करतं. कमरेला लावलेलं फडकं फक्त गरम धरण्यासाठी, पुसायचं वेगळं. ओव्हनमधून काढलेल्या तव्याच्या दांड्यावर लगेच कोरडं फडकं टाकून ठेवा, ही खूण सगळ्यांना ठाऊक हवी. झाकण स्वतःपासून पलीकडच्या कडेनं उचला. मागून जाताना 'मागे', गरम घेऊन जाताना 'गरम', सुरी हातात असेल तर 'सुरी' असं मोठ्यानं म्हणा. लाज वाटते ती पहिला आठवडाच.

भाजलं तर अंगठी-घड्याळ काढा आणि नळाच्या थंड वाहत्या पाण्याखाली वीस मिनिटं. दोन मिनिटं धरून कामाला लागणं म्हणजे न धरल्यासारखंच, त्वचेच्या आतली उष्णता तोवर निघालेली नसते. बर्फ, टूथपेस्ट, लोणी काही नको. फोड फोडू नका. नंतर स्वच्छ पातळ प्लास्टिकची फिल्म नुसती वर ठेवा, आवळून गुंडाळू नका. तळहातापेक्षा मोठं, चेहऱ्यावर, सांध्यावर किंवा पांढरट-काळं पडलेलं असेल तर डॉक्टर.

सुरीबद्दल एवढंच : बोथट सुरी हात जास्त कापते, कारण जोर लावावा लागतो आणि ती घसरते. बोर्डाखाली ओलं फडकं पसरा म्हणजे तो सरकणार नाही. साबणाच्या पाण्यात सुरी बुडवून सोडू नका. पडणारी सुरी पकडू नका, पाय मागे घ्या.

पुसायच्या पाण्यात 'अंदाजे' ब्लीच टाकायची सवय सोडा. बिनवासाचं ५ टक्क्यांचं ब्लीच असेल तर लिटरला २ मिलिलिटर, म्हणजे सुमारे १०० पीपीएम (दहा लाख भागांत शंभर भाग क्लोरीन). जास्त घातलं तर अन्नात उतरतं, कमी घातलं तर काही मरत नाही. कागदी पट्टीनं तपासा. पाणी साधं किंवा कोमट, उकळत्या पाण्यात क्लोरीन टिकत नाही. आधी खरकटं काढा, साबणानं धुवा, खळबळा, मगच हे पाणी लावा आणि हवेत सुकू द्या. खरकट्यावर लावलं तर क्लोरीन खरकट्यातच खर्ची पडतं. पाणी गढूळ झालं की बदला. ब्लीच व्हिनेगरसारख्या आम्लात किंवा अमोनिया असलेल्या क्लीनरमध्ये कधीही मिसळू नका, विषारी वायू निघतो. उलटी किंवा जुलाब झाले असतील तर ते थांबल्यावर आणखी ४८ तास कामावर यायचं नाही. मुकादमाला माणूस कमी पडेल, पडू द्या. हातमोजे घातले म्हणून हात धुणं टळत नाही, आणि हाताला लावायचं अल्कोहोलचं जेल उलट्या-जुलाब करवणाऱ्या नोरोव्हायरसवर फारसं चालत नाही. साबण आणि वीस सेकंद हवेत.

खारट झालेल्या रश्शात बटाटा टाकायचा सल्ला तुम्हाला कोणीतरी देईलच. बटाटा खारट पाणी शोषतो, पण मागे राहिलेल्या पाण्याचा खारटपणा तेवढाच राहतो. बिनमिठाचा रस्सा करून त्यात मिसळणं हाच उपाय. आणि खाली लागलं असेल तर ढवळू नका, खरवडू नका, वरचं अलगद दुसऱ्या भांड्यात ओता आणि चव बघा.

पायांसाठी : जोडा अर्धा नंबर सैल घ्या, संध्याकाळी पाय सुजतात म्हणून खरेदीही संध्याकाळीच करा. तळवा तेलावर न घसरणारा, पुढचा भाग बंद. दोन जोड असतील तर आलटून पालटून, म्हणजे आतला ओलावा पूर्ण सुकतो. उभ्यानं चिरताना एक पाय दहा-पंधरा सेंटिमीटर उंच फळीवर ठेवा आणि पाय बदलत राहा, कंबरेचा बाक कमी होतो. बोर्ड फार खाली असेल तर त्याखाली उलटा ट्रे घालून कोपराच्या जरा खालच्या उंचीवर आणा. कंबरदुखीचं हे कारण सर्रास दुर्लक्षित राहतं. जड पोती आणि तेलाचे डबे कमरेच्या उंचीच्या फळीवर, हलकं वर, मधलं खाली. पाण्याची बाटली हाताला लागेल पण अन्नावर सांडणार नाही अशा जागी, झाकणासकट. तहान लागायची वाट बघितली तर शेवटच्या दोन तासांत डोकं धरतं.